मधला आठ फुटांचा बोळ: फॅब्रिकेशनची शेड आणि घर एकाच जागेत बांधताना

माझ्या मामाची फॅब्रिकेशनची, म्हणजे लोखंड कापून-जोडून गेटसारख्या वस्तू करायची शेड ३ जून २०२० रोजी दुपारी उडाली. निसर्ग चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला आणि श्रीवर्धन, म्हसळा, तळा, रोहा, माणगाव या पट्ट्याला झोडपून ते आत गेलं. मामाचं गाव माणगाव तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत, दोन डोंगरांच्या कुशीत. वादळ इथवर पोचेल असं गावात कुणाला वाटलं नव्हतं. पंचवीस बाय चाळीस फुटांची ती शेड मामाने अठरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून उभी केली होती. त्या दुपारी पत्रे सुटले आणि दोन शेतं ओलांडून आंब्यांच्या फांद्यांत जाऊन अडकले. सात किलोमीटरवरच्या वाडीत घराची कौलंही गेली. आजी, मामी आणि दोन्ही मुलं शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या खोलीत जाऊन बसली म्हणून वाचली. पुढे तेवीस दिवस वाडीत वीज नव्हती.

मी स्थापत्याचा डिप्लोमा केलाय आणि पुण्यात एका स्ट्रक्चरल डिझाइनच्या कार्यालयात काम करते. रस्ते सुरू झाल्यावर मी गावी पोचले, तेव्हा मामा उघड्या शेडमध्ये ड्रिल मशीनला तेल लावत बसला होता. "बाय, आता दोन जागी दोन खर्च नको. शेड आणि घर एकाच जागी करू. तू नकाशा काढ," एवढंच तो म्हणाला.

त्याची कारणं खरी होती. पावसाळ्यात रात्री दहाला काम संपवून सात किलोमीटर घाटवळणाने घरी जायचं. मागे शेडमधून दोनदा तांब्याची केबल चोरीला गेली होती. हिशेब मामी ठेवते, त्यासाठी तिला रोज एसटीने यायला लागायचं. रस्त्यालगतचा आठ गुंठ्यांचा बिनशेती तुकडा मामाच्या नावावर होताच. शेड आणि घर जोडून बांधणं ही त्याच्या दृष्टीने चैन नव्हती, त्याची ती गरज होती.

पहिला नकाशा

मामाने वहीच्या पाठकोऱ्या पानावर जे काढून दिलं होतं, ते असं: तीस फूट रुंद, चौऱ्याहत्तर फूट लांब एकच शेड. पुढचे पन्नास फूट वर्कशॉप, मागचे चोवीस फूट घर. मधे पत्र्याची भिंत, घराच्या बाजूने प्लायवुड. वर एकच छप्पर, सगळे खांब एकाच मापाचे. "एक ट्रस बसवला की पुढचे सगळे त्याच जिगवर निघतात," तो म्हणाला. ट्रस म्हणजे छपराची लोखंडी कैची आणि जिग म्हणजे ती जुळवायचा साचा. फॅब्रिकेटरच्या हिशेबाने हा नकाशा सरळ होता आणि स्वस्तही.

मी दोन दिवस त्यावर बसले. शेडच्या आराखड्यात मला काही खटकलं नाही. घराचा आराखडाही ठीक होता. गडबड सगळी त्या दोघांच्या मधल्या रेषेत होती. पत्रा आणि प्लायवुडच्या त्या एका रेषेवर ग्राइंडरचा आवाज, वेल्डिंगचा धूर, ठिणगी, थिनरचा वास आणि थ्री फेजची वीज हे सगळं येऊन थांबायचं होतं. पलीकडे ७८ वर्षांची आजी झोपणार होती.

तेव्हा मी मामाला एकच विचारलं: "गेटला घासताना ठिणगी कुठवर जाते?" त्याने हाताने दाखवलं, समोरच्या खांबापर्यंत. तो खांब तीसेक फुटांवर होता. गरम कामाच्या, म्हणजे ठिणगी उडवणाऱ्या कामाच्या सुरक्षेचा जगभर वापरला जाणारा नियम पस्तीस फुटांचा, म्हणजे सुमारे ११ मीटरचा आहे. एवढ्या टापूत जळण्याजोगं काही असू नये, आणि हलवता येत नसेल तर ते झाकलेलं असावं. काम थांबल्यावरही निदान अर्धा तास कुणाची तरी नजर असावी, कारण फटीत शिरलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही, आत धुमसत राहते. प्लायवुडमागची पोकळी म्हणजे असल्या ठिणगीला हवी तशी जागा. रात्री दहाला काम संपलं आणि अकराला घर झोपलं, तर बारा वाजता पाहणार कोण?

मामा गप्प झाला. मामी मात्र बोलली. तिचं म्हणणं माझ्या ध्यानातही नव्हतं. "ठिणगीचं तुम्ही बघा. मला एक सांगा, कामाचे कपडे कुठे काढायचे? इतकी वर्षं हे त्या कपड्यांत जेवायला बसतात. गादीवर लोखंडाची भुकटी असते. आता तर दार उघडलं की थेट स्वयंपाकघर."

मधली रेषा रुंद करून तिची एक जागा करायची, हे त्या वाक्यातून निघालं. श्रेय मामीचं आहे.

पत्रे का उडाले, आणि त्यावरून काय ठरलं

नवं बांधण्याआधी जुनं का पडलं हे समजून घेणं भाग होतं, कारण मामाची समजूत अशी होती की पत्रा पातळ होता. नवा जाड घेतला की झालं.

पत्र्याच्या वजनाला वाऱ्यापुढे किंमत नसते. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. त्याचा दाब येतो चौरस मीटरला ५६० न्यूटन, म्हणजे साधारण ५७ किलो. कमी उताराच्या छपरावर वारा दाबत नाही, वर ओढतो. शिवाय वाऱ्याच्या तोंडाचं शटर आत वाकलं की शेड फुग्यासारखी फुगते आणि आतला दाबही छपराला वर ढकलतो. मामाच्या शेडचं नेमकं तेच झालं होतं. शटरच्या पट्ट्या आतल्या बाजूला वळलेल्या सापडल्या. सगळं मिळून ओढ तेवढीच धरली तरी ९३ चौरस मीटरच्या छपरावर पाच टनांच्या वर जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो, म्हणजे सगळं छप्पर अर्धा टनसुद्धा नाही. पत्रा दुप्पट जाड घेतला असता तरी तो उडालाच असता.

मग छप्पर धरून कोण ठेवतं? आधी स्क्रू, त्याखाली परलीन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या लोखंडी पट्ट्या), मग ट्रस, खांब, बेस प्लेट (खांबाच्या तळाची प्लेट), ती पायाला धरणारे फाउंडेशन बोल्ट आणि शेवटी पायाचं वजन. या साखळीतली जी कडी सगळ्यात कच्ची, तेवढंच छपराचं बळ. जुन्या शेडमध्ये हुकाचे बोल्ट होते, एका पत्र्याला चार. नटांखालचे वायसर गंजून गेले होते, म्हणून पत्रा बोल्टावरून सोलून निघाला. एका अर्थी ते बरंच झालं. पत्रे टिकले असते तर ओढ खांबांवर आली असती आणि खांब फक्त दीड फूट खड्ड्यात गाडलेले होते.

भारतीय मानकाच्या यादीत वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आहे, पुणे आणि पणजीसाठी ३९. आम्ही ४४ धरला. माझ्या वरिष्ठांनी तो जास्त आहे का असं विचारलं. निसर्ग पाहिल्यावर कमी धरायची माझी तयारी नव्हती. ४४ चा दाब निघतो चौरस मीटरला ११८ किलो. तीस बाय पन्नासच्या नव्या शेडला, पाच ट्रस आणि दहा खांब धरून, मधल्या प्रत्येक खांबाला उपटणारी ओढ दोन टनांच्या घरात जाते. म्हणून प्रत्येक खांबाखाली चार फूट लांब, चार फूट रुंद, पंधरा इंच जाडीचा पाया, साडेचार फूट खोल. त्यातलं काँक्रीट सव्वा टनाच्या वर आणि त्यावर दाबून भरलेली माती दोन टनांच्या वर. इतके खोल खड्डे बघून मामाचा जीव हळहळला. खड्डे खणणारे गावातलेच होते, ते म्हणाले, विहीर खणताय का. मी तिथून हलले नाही.

स्क्रूची गोष्ट मामाला लगेच पटली, कारण ती त्याच्या हातची होती. छपराच्या मध्यापेक्षा कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ कितीतरी जास्त असते. म्हणून कडेच्या परलीनवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधे एक सोडून एक. कोपऱ्यातल्या परलीनमधलं अंतर कमी. दोन टोकांच्या गाळ्यांत, म्हणजे दोन ट्रसमधल्या जागांत, छपराच्या पातळीत आणि बाजूंना अँगलचे क्रॉस. शटरच्या दोन्ही अंगांना लोखंडी खांब आणि वादळाचा इशारा आला की मधे उभा करायचा एक काढता-घालता खांब. तो मामाने स्वतः सुचवला आणि दोन तासांत करूनही ठेवला.

घर वेगळं, शेड वेगळी, मधे बोळ

शेवटी ठरलं ते असं. शेड लोखंडाची, तीस बाय पन्नास. घर तीस बाय चोवीस, आरसीसीचे खांब आणि वर स्लॅब. दोघांच्या मधे आठ फुटांचा बोळ. बोळावर हलका पत्रा, तो घराच्या भिंतीवर टेकवलेला आणि शेडच्या बाजूने सुटा. लोखंडी सांगाडा आणि काँक्रीटचा सांगाडा वाऱ्यात, भूकंपात वेगवेगळ्या तऱ्हेने हलतात. त्यांना घट्ट बांधलं की जोड तिथेच फाटतो.

घराला स्लॅबच का, यावर मामा बराच भांडला. मी त्याला एवढंच म्हणाले, वादळात तुम्ही पळून कुठे गेला होता ते आठव. वर्कशॉपचे पत्रे पुन्हा उडाले तर नुकसान होईल, पण माणसांच्या डोक्यावरचं छप्पर वादळावर सोडून चालणार नाही. स्लॅबने खर्च वाढला. तो भरून काढायला आम्ही शेडच्या भिंती खाली साडेतीन फूट जांभ्याच्या आणि वर साध्या पत्र्याच्या ठेवल्या.

बोळाकडची शेडची भिंत तेवढी पूर्ण बांधली. नऊ इंच जांभ्याचे चिरे, दोन्ही बाजूंनी गिलावा, छपराच्या वर दोन फूट चढवलेली, म्हणजे शेडच्या छपराला आग लागली तरी ज्वाळा लगेच पलीकडे ओलांडू नयेत. तिच्यात एकच दार, पत्र्याचं, आपोआप मिटणारं. घराचं दार त्याच्यासमोर ठेवलं नाही, अकरा फूट बाजूला सरकवलं. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहिली तरी वेल्डिंगचा झोत घरात दिसू नये म्हणून. वेल्डिंग करणाऱ्यांना डोळे लागणं म्हणजे काय ते माहीत असतं: रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं खुपतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. झोताकडे बघत राहणाऱ्या मुलालाही तेच होतं. मामाचा धाकटा तेव्हा सात वर्षांचा होता आणि झोत बघायला त्याला फार आवडायचं.

बोळात मामीची मोरी आली. नळ, साबण, कामाच्या कपड्यांसाठी खुंट्या, बुटांसाठी फळी आणि एक उघडी न्हाणी. मामा आणि दोन्ही कारागीर तिथेच कपडे बदलतात. मामीने पहिल्या दिवशी दारात पाट टाकला आणि सांगितलं, ह्याच्या अलीकडे काळा बूट यायचा नाही. आजवर तो आलेला नाही.

सिलिंडरची जागा ठरवायला सगळ्यात कमी वेळ लागला. मामा कटिंगला ऑक्सिजन आणि एलपीजी वापरतो. काळा ऑक्सिजनचा, निळा व्यावसायिक गॅसचा. दोन्ही उभे, साखळीने बांधलेले, एकमेकांपासून वीस फुटांवर किंवा मधे पाच फूट उंचीची न जळणारी भिंत. आम्ही शेडच्या ईशान्य कोपऱ्यात बाहेरून जाळीचे दोन खण केले आणि मधे चिऱ्यांची भिंत घातली. घरच्या स्वयंपाकाचा लाल सिलिंडर शेडकडे न्यायचा नाही, आणि निळा घरात आणायचा नाही. तंगी असली की गावोगाव हे होतं, म्हणून ते मी नकाशाच्याच कोपऱ्यात लिहिलं.

परवानग्या, मोजणी, ग्रामपंचायतीचा ठराव, बँक यात सात महिने गेले. बँकेने शेडला आणि मशीनला कर्ज दिलं, घराला त्याच प्रकरणात दिलं नाही. दोन वेगळी प्रकरणं करावी लागली. नकाशात शेड आणि घर आधीच वेगळी असल्याने हे जमलं. एकाच छपराखाली असतं तर किती चौरस फूट धंदा आणि किती चौरस फूट घर, यावर अडलं असतं. विजेचंही तसंच: शेडला औद्योगिक थ्री फेज मीटर, घराला घरगुती सिंगल फेज.

तौक्ते

१५ मे २०२१ ला पाचही ट्रस उभे होते, परलीन टाकून झाल्या होत्या आणि पत्र्यांची चळत आवारात पडली होती. पाऊस तोंडावर. लोखंडाचे भाव महिन्यामहिन्याला चढत होते, त्यामुळे पत्रे आधीच घेऊन ठेवलेले. तेवढ्यात तौक्ते चक्रीवादळाचा इशारा आला. मामा म्हणाला, दोन दिवस रात्रंदिवस लागलो तर अर्धं छप्पर होईल, तेवढं तरी सामान झाकलं जाईल.

मी फोनवर जितकं ओरडता येईल तितकं ओरडले. अर्धं छप्पर हे वादळात सगळ्यात वाईट. उघड्या टोकातून वारा थेट पत्र्याखाली शिरतो, आणि नुसत्या टोकाला अडकवलेल्या, सगळे स्क्रू न मारलेल्या पत्र्याचं पातं होतं. नुसता सांगाडा मात्र वाऱ्याला फारसा अडवत नाही, वारा आरपार जातो. मामाने ऐकलं. चळतीवर जुने चॅनेल आडवे टाकले, चेनने जमिनीतल्या बोल्टांना बांधले. क्रॉसचे अँगल राहिले होते ते त्या संध्याकाळी पूर्ण केले. १७ मे ला तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं. आवारातलं एक आंब्याचं झाड पडलं. सांगाडा ओळंब्यात राहिला होता, मी नंतर मोजला.

त्याच वर्षी २२ जुलैला महाडला पूर आला. आमच्या बांधकामात पाणी शिरलं नाही, पण अंगणात ढोपरभर झालं. जोतं अडीच फुटांचं ठेवलं होतं. मामाला ते तेव्हा उंच वाटलं होतं, पुरानंतर त्याने तो विषय काढला नाही.

भिंतीतला धूर

चूक व्हायची ती झालीच, आणि ती माझ्या नकाशातल्या कोऱ्या जागेत झाली.

नोव्हेंबर २०२१. गृहप्रवेश होऊन महिना झाला होता. मामा शाळेचं बारा फुटी गेट करत होता. गेटचं एक टोक लाकडी ठोकळ्यांवर, दुसरं पाइप कापायच्या मशीनच्या टेबलावर टेकवलेलं. वेल्डिंग मशीनचा अर्थिंगचा चिमटा त्याने सवयीने शेडच्या खांबाला लावला. दहा मिनिटांत मामीला घरातल्या बोर्डातून जळका वास आला. बोर्डातून धूर येत होता. तिने मेन बंद केला, धूर थांबला नाही. तिने बोळातून हाक मारली, मामाने काम थांबवलं, तेव्हा तो थांबला.

मी रविवारी जाऊन एक-एक वायर पाहिली. वायरमनने शेडचा बोर्ड चिऱ्यांच्या भिंतीवर न लावता वायर वाचवायला बोळातून घराच्या भिंतीवर, घरच्या बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसवला होता. शेडच्या सॉकेटांची अर्थिंग घरच्या बोर्डातून पुढे खड्ड्याकडे नेली होती. दोघांना मिळून अर्थिंगचा एकच खड्डा. आणि त्याच खड्ड्याला शेडचे खांबही पट्टीने जोडलेले.

वेल्डिंगचा करंट होल्डरमधून रॉडमध्ये, रॉडमधून जॉबमध्ये (जोडायच्या वस्तूत) आणि जॉबवरून चिमट्यात परत यायला हवा. चिमटा जॉबला नव्हता, तो खांबाला होता. जॉब तर लाकडावर. मग शंभर-सव्वाशे अँपिअरला परतीचा एकच रस्ता उरला: गेटवरून कापायच्या मशीनच्या टेबलात, तिथून तिच्या प्लगमधल्या अर्थिंगच्या बारीक वायरीत, शेडच्या बोर्डातून घरच्या बोर्डात, तिथून खड्ड्याच्या पट्टीवरून खांबात आणि खांबावरून चिमट्यात. ती वायर मशीन बिघडलं तर क्षणभर करंट वाहून न्यायला असते. ती दहा मिनिटं तापली आणि तिचं आवरण वितळलं. एमसीबी (जादा करंट आला की पुरवठा तोडणारा स्विच) पडला नाही, आणि पडणारही नव्हता. मेन बंद करूनही फरक पडला नाही, कारण हा करंट घरच्या मीटरमधून येतच नव्हता. तो वेल्डिंग मशीनच्या स्वतःच्या वर्तुळातला होता.

आठ फूट बोळ, नऊ इंच चिरे, अकरा फूट सरकवलेलं दार हे सगळं मी केलं, आणि एका हिरव्या वायरीने ते सगळं ओलांडलं. मी वीज वायरमनवर सोडली होती; नकाशात बोर्डाची जागा दाखवली नव्हती. आग लागली नाही, कारण मामी घरात होती.

दुरुस्तीत आम्ही शेडचा बोर्ड शेडच्याच उत्तरेच्या भिंतीवर नेला. शेडला स्वतःचे दोन अर्थिंगचे खड्डे दिले, घराला वेगळे. घरच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). बोळातून आता एकही वायर जात नाही, बोळातला दिवासुद्धा घराच्या बाजूचा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम बिनखर्चाचं: चिमटा जॉबलाच, जिथे रॉड लागतोय त्याच्या शक्य तितका जवळ, गंज घासून काढलेल्या जागी. खांबाला चिमटा लावायची सवय मोडायला मामाला दोन महिने लागले. धाकट्या कारागिराने प्रत्येक खांबावर ढोपराच्या उंचीला लाल पट्टा रंगवला, हात तिकडे गेला की दिसावा म्हणून.

राहून बघितल्यावर

घर नैऋत्येला आणि शेड ईशान्येला ठेवली ती वाऱ्याच्या हिशेबाने. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, दुपारनंतर खाडीकडून येणारा वाराही पश्चिमेचा. म्हणजे धूर घरापासून दूर जाणार. बहुतेक महिने तसंच होतं. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून दहापर्यंत वारा जमिनीकडून, पूर्वेचा येतो, आणि रेड ऑक्साइड, थिनरचा वास थेट आजीच्या खिडकीत. हे माझ्या कागदावर नव्हतं. आता हिवाळ्यात रंगकाम दुपारी दोननंतरच होतं, तेही शेडच्या पुढच्या अंगणात. सकाळी फक्त मापं घेणं, कापणं, टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे जोड) मारणं.

जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपाचं काम आत होत नाही. जस्ताचा थर जळला की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की संध्याकाळी अंग मोडून थंडी-ताप येतो. मामा वर्षानुवर्षं त्यावर दूध पीत आला. दुधाने तो धूर बाहेर येत नाही. जोडाच्या आजूबाजूचा थर आधी घासून काढायचा, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूला उभं राहून काम करायचं, तोंडाला साधा रुमाल न बांधता धुराचा मास्क लावायचा, असं आता ठरलं आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. हे मी मामाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही, पण त्या आठवड्यात रोह्याला जाऊन धूर ओढणारा पंखा आणि लवचीक पाइप घेऊन आला. छपरावरचे फिरते पंखे शेडमधली हवा बदलतात, पण धूर आधी वेल्डरच्या नाकावरून जातो आणि मग छपराकडे. तो रॉडपाशीच ओढून घ्यावा लागतो.

आवाजाचं मोजमाप मी मोबाइलवर केलं. ते अचूक नसतं, तरी तुलनेला पुरतं. ग्राइंडरजवळ ९८ डेसिबल, बोळात दार बंद असताना ६६, आजीच्या खोलीत ५१. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चिऱ्यांची भिंत आपलं काम करते. शटर उघडं असलं की मात्र आवाज घराला वळसा घालून येतो आणि शेजारच्या दोन घरांत जातो. त्यांनी तक्रार केलेली नाही. मामा रात्री आठनंतर ग्राइंडर लावत नाही आणि दुपारी दोन ते साडेतीन आजीच्या झोपेसाठी शेडमध्ये फक्त हाताचं काम चालतं. कारागीर त्याच वेळात जेवून आडवे होतात.

पत्र्याचा त्रास मात्र उरला आहे. पावसात शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. हिवाळ्यात पहाटे पत्रा आतून घामेजतो आणि थेंब मशीनवर, नव्या रंगावर पडतात. पत्र्याखाली फोमचा थर घालायचा तेव्हाच ठरलं होतं, खर्चात तो गळला. आता अर्ध्या भागाला घातला आहे, जिथे रंगलेलं सामान ठेवतात.

मामाचा मोठा आता आयटीआय करून आलाय. त्याला पावडर कोटिंगची (भुकटीचा रंग तापवून चढवायची) भट्टी हवी आहे. गेल्या महिन्यात त्याने फीत घेऊन बोळ मोजला. आठ फूट रुंद, तीस फूट लांब, वर छप्पर आहे, पाणी आहे, "मोकळाच तर आहे". मामी मोरीपाशी उभी होती. तिने त्याच्या हातातली फीत घेतली आणि म्हणाली, "ताईला फोन लाव, ईशान्येला जागा बघायला सांग." मी या शनिवारी जाते आहे. सिलिंडरच्या खणांपासून भट्टी किती लांब येईल, ते तिथे उभं राहून बघायचं आहे.